बॉक्सिंग डेची यादी: नॉरफकच्या सासरची माणसं शोधली त्याची गोष्ट

२६ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे बॉक्सिंग डेला, इंग्लंडमधल्या नॉरफकला आमच्या गावच्या हॉलमध्ये सासरच्या सगळ्यांच्या दरवर्षीच्या जेवणासाठी आम्ही साठ माणसांची टेबलं मांडली आणि आली एकोणीस. मी लग्न होऊन नॉरफकला आले तेव्हा, म्हणजे २०११ च्या ख्रिसमसला, याच हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं टेबलाखालून पळत होती आणि कोण कुणाचं कोण हे नवऱ्यालाही धड सांगता येत नव्हतं. यावेळी उरलेले सँडविच आम्ही डब्यात भरले. कारण साधं होतं. नवऱ्याच्या मोठ्या आत्या ऑक्टोबरमध्ये गेल्या आणि सगळी यादी त्यांच्याकडे होती, एका तपकिरी पत्त्यांच्या वहीत, आणि ती वही उघडली तर निम्म्याहून जास्त नावांवर रेघ मारलेली. सासूबाई कप विसळता विसळता म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून नको आता, उगाच हॉलचं भाडं.

मला ते लागलं. मी मूळची बेळगावची. आमच्याकडे गणपतीला मूळ घरी सगळे येतात, चुलत आणि चुलतचुलत आणि पुण्या-मुंबईकडचे पण, कुणी आमंत्रण देत नाही तरी येतात. कोण कुणाचा हे विसरलं तर त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांच्या हातचं लिहिलेलं आहे, ते बघता येतं. इथे पण कुठेतरी अशी चोपडी असणारच असं मला वाटलं, आणि मी सासूबाईंना म्हटलं की एक वर्ष द्या मला, मी यादी करते.

अजून एक गोष्ट डोक्यात होती. आमच्या सासरी या जेवणाला ‘वेडिंग टी’ म्हणतात. लग्न कुणाचंच नसतं, दिवस बॉक्सिंग डेचा, पण नाव वेडिंग टी. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. आडनाव मी इथे देत नाही, गावाचं नाव पण नाही, कारण माणसं हयात आहेत. डेरहमच्या आसपासचा भाग एवढं पुरे.

तर जानेवारीपासून सुरू केलं. पहिली गोष्ट सांगते जी मला फार उपयोगी पडली: आधी कॉम्प्युटरवर बसू नका, आधी म्हातारी माणसं गाठा. कागद शंभर वर्षं थांबलेत, अजून थांबतील, माणूस थांबत नाही. सासऱ्यांची एक चुलत बहीण ९४ वर्षांची, डेरहमजवळच्या केअर होममध्ये आहे. १३ जानेवारीला शनिवारी मी फ्रूट केक घेऊन गेले. नॉरफकमध्ये गप्पा मारण्याला ‘मार्डल’ म्हणतात, त्या मला बघून म्हणाल्या ये, मार्डल करू. विचारून फोनवर रेकॉर्डिंग केलं (विचारल्याशिवाय करू नका), जवळजवळ दीड तास. त्यांनी एक वाक्य असं सांगितलं की पुढचे सहा महिने ते माझ्या कानात होतं. त्यांची आजी सांगायची की मुली बॉक्सिंग डेला यायच्या, कारण ख्रिसमसच्या दिवशी मोठ्या घरातल्यांना आधी जेवायला घालायचं असायचं. म्हणजे घरातल्या सगळ्या मुली बड्या लोकांकडे कामाला. स्वतःच्या आईच्या हातचं ख्रिसमसचं जेवण त्यांना एक दिवस उशिरा मिळायचं.

निघताना त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा दिला. आत फोटो, अंत्यविधीची कार्डं, एक पोस्टकार्ड. पोस्टकार्ड त्यांच्या काकाचं, जो पहिल्या महायुद्धात ‘बेल्जियममध्ये’ गेला असं घरात सगळे सांगत आले. मी सगळ्यांचे फोटो काढले आणि डबा तिथेच ठेवला. त्यांची वस्तू त्यांच्याजवळच राहिली पाहिजे असं मला वाटलं.

मग सर्टिफिकेटं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्याच्या आधीचं सगळं चर्चच्या रजिस्टरात. सरकारी नोंदी जनरल रजिस्टर ऑफिसकडे असतात, त्यांच्या वेबसाइटवर फुकट खातं उघडून सूचीत शोधता येतं. तिथे एक फार कामाची गोष्ट आहे. जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलंय, जुन्या छापील सूचीत ते सप्टेंबर १९११ नंतरच सापडतं. मला हे आधी माहीत नव्हतं. एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलत भाऊ, दोघांमध्ये वर्षाचं अंतर, मी घाईत चुकीच्याचं सर्टिफिकेट मागवलं, ११ पौंड गेले आणि नऊ दिवस वाट बघून भलताच माणूस हातात आला. त्यानंतर आईचं आडनाव जुळल्याशिवाय एक पैसा घातला नाही.

आणि कागदी सर्टिफिकेट लागतंच असं नाही. जुन्या जन्मांची आणि १८८७ पर्यंतच्या मृत्यूंची नोंद डिजिटल इमेज म्हणून मिळते, तेव्हा २.५० पौंड होती, लगेच स्क्रीनवर उघडते. एप्रिल २०२४ मध्ये दर वाढले, इमेज ३ पौंड, कागदी सर्टिफिकेट १२.५० झालं. सूची तीन-तीन महिन्यांची असते आणि जन्म नोंदवायला सहा आठवडे मुदत होती, म्हणून ख्रिसमसच्या सुमाराला जन्मलेलं मूल पुष्कळदा पुढच्या वर्षीच्या मार्चच्या सूचीत सापडतं. डिसेंबरात नाही सापडलं म्हणून सोडून देऊ नका.

फेब्रुवारी पूर्ण जनगणनेत गेला. वंशावळ शोधायच्या वेबसाइटचं पैसे भरून सभासद व्हायच्या आधी जवळच्या सार्वजनिक लायब्ररीत विचारा, नॉरफकमध्ये लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅन्सेस्ट्री फुकट बघता येतं, मी बुधवारी संध्याकाळी ऑफिसहून परस्पर तिकडे जायचे. जनगणना दर दहा वर्षांनी, नावानिशी १८४१ पासूनची मिळते. १८४१ ची जपून वाचा, त्यात पंधराच्या वरच्यांची वयं साधारण खालच्या पाचाच्या पाढ्यात उतरवलीत, ३९ वर्षांचा माणूस ३५ चा लिहिलाय. १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही.

आमच्या सासरचे सगळे शेतमजूर. शेतकरी नाही, मजूर. जमीन एक गुंठा नाही, घर मालकाचं, काम गेलं की घर पण गेलं. नॉरफकमध्ये शेतीचं वर्ष मायकेलमसला, म्हणजे जुन्या हिशोबाने ११ ऑक्टोबरला बदलायचं, आणि त्या दिवशी ही कुटुंबं गाडीवर भांडीकुंडी टाकून दुसऱ्या गावाला जायची. म्हणून एका आईची सात मुलं पाच वेगवेगळ्या गावांत जन्मलेली. मी आधी समजत होते की माझंच काहीतरी चुकतंय, ही वेगवेगळी कुटुंबं आहेत. नकाशावर टाचण्या लावल्यावर दिसलं की सगळी गावं आठ-दहा मैलांच्या आत आहेत, आणि नकाशा घेतल्याशिवाय हे कळलंच नसतं. गावांच्या नावांचा पण घोळ, इथे वायमंडहॅम लिहितात आणि विंडम म्हणतात, हॅपिसबर्ग लिहितात आणि हेझब्रा म्हणतात, आणि लिहून घेणारा माणूस कधी कधी ऐकलं तसं लिहायचा. आमचं आडनाव चार तऱ्हांनी सापडलं. मोठ्याने म्हणून बघा आणि मग शोधा.

१९११ चा फॉर्म मात्र वेगळा. तो घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला आहे. त्यात विचारलं होतं की लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली. नवऱ्याच्या पणजोबांनी लिहिलंय अकरा, आठ, तीन. आणि मग खाली नावं लिहिताना त्यांनी गेलेल्या तिन्ही मुलांची नावं पण लिहिलीत, वयासकट. नंतर कुठल्यातरी कारकुनाने त्यावर लाल शाईने रेघ मारली कारण फक्त घरात असलेल्यांची नावं हवी होती. पेन्सिल धरल्यासारखं पेन दाबून लिहिलेली ती तीन नावं आणि त्यावरची ती लाल रेघ मी खूप वेळ बघत बसले. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली तरी प्रिंट काढायचं सुचलं नाही, दुसऱ्या आठवड्यात परत जाऊन काढलं.

१४ मार्चला गुरुवारी रजा टाकून नॉरिचच्या नॉरफक रेकॉर्ड ऑफिसला गेले, मार्टिनो लेनवर आहे. आधी वेबसाइटवर उघडे वार बघून जा, नाव-पत्त्याचा पुरावा न्या. बॅग, कोट, पेन, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल, कागद, फोन. फोटो काढायचा परवाना वेगळा घ्यावा लागला. तिथल्या बाईंनी सांगितलं की १ ऑगस्ट १९९४ ला नॉरिचची सेंट्रल लायब्ररी जळाली तेव्हा हे सगळं दप्तर तिच्या तळघरात होतं, आग विझवायच्या पाण्याने कागद भिजले पण वाचले. म्हणजे मी जे बघणार होते ते थोडक्यात बचावलेलं.

चर्चची रजिस्टरं मूळ सहसा हातात देत नाहीत, फिल्मवर बघायची. मी लग्नाचं रजिस्टर लावलं, १८६० च्या पुढचं. एका पानावर दोन लग्नं, छापील रकाने. २५ डिसेंबर १८६६ ला आले आणि थांबले. एक लग्न, नवऱ्याच्या पणजोबांच्या वडिलांचं. त्याच पानावर दुसरं, त्याच तारखेचं, नवरीचं आडनाव आमचं. आणि समोरच्या पानावर तिसरं, त्याच तारखेचं, पुन्हा नवरी आमची. एक भाऊ आणि दोन बहिणी, तिघांची लग्नं एकाच ख्रिसमसच्या सकाळी, एकाच चर्चात. तिन्ही जोडप्यांच्या नावापुढे फुली, कारण लिहिता कुणालाच येत नव्हतं. साक्षीदार म्हणून मात्र तिन्ही ठिकाणी एकच सही, धाकट्या बहिणीची. पहिली सही रकान्याच्या बाहेर गेलेली आणि एक अक्षर गिरवलेलं, दुसरी जरा सरळ, तिसरी अगदी नीट बसलेली. त्या घरात अक्षर येणारी ती एकटी.

वेडिंग टी. माझ्या अंगावर काटा आला. तिथे बोलता येत नाही म्हणून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला फोन केला आणि मला नीट सांगता येईना.

ख्रिसमसला लग्न म्हणजे हौस असेल असं वाटतं, पण तसं नाहीये. रविवार सोडले तर मजुराला कामाला सुट्टी असे दिवस वर्षात दोनच, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस. गुड फ्रायडे लेंटच्या उपासाच्या काळात येतो, तेव्हा सहसा लग्न करत नसत. मग राहिला ख्रिसमस. त्या काळच्या गरीब घरांच्या रजिस्टरात २५ डिसेंबरची लग्नं खूप सापडतात, बाप्तिस्मे पण. पाद्री हजर, नातेवाईक मोकळे, लग्नानंतरचा चहा हेच ख्रिसमसचं जेवण. बॉक्सिंग डे बँक हॉलिडे झाला १८७१ च्या कायद्याने, आणि पुढे मुली कामाला लागल्या तशी ही भेट २६ ला सरकली असणार. हे शेवटचं मी केअर होममधल्या आजींच्या वाक्यावरून म्हणतेय, कागदावर असं लिहिलेलं नाही. पण तुम्ही शोधत असाल तर एक करा: लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरीच्या आधी साक्षीदार वाचा. त्या दिवशी त्या चर्चात कोण हजर होतं हे तिथेच कळतं, आणि सणाला जमलेल्या घरचा त्याहून जुना पुरावा मला तरी दुसरा मिळाला नाही.

त्या दिवशी एक मूळ वही मात्र हातात मिळाली, गावच्या शाळेचं लॉगबुक. फोमच्या उशीवर ठेवून, पानावर सापासारखी लांब कापडी वजनं ठेवून वाचायची. कापणीच्या दिवसांत शाळा रिकामी, दगड वेचायच्या दिवसांत रिकामी, आणि डिसेंबरमधली एक नोंद की आमच्या आडनावाची दोन मुलं बूट नसल्यामुळे आली नाहीत. 

मे महिन्यात एका रात्री मी फोनमधले फोटो नीट फोल्डरमध्ये लावत होते आणि ते पोस्टकार्ड मोठं करून बघितलं. पेन्सिलने लिहिलेलं, सप्टेंबर १९१४. आईला लिहिलंय की तब्येत बरी आहे, या ख्रिसमसला घरी येणं होणार नाही, माझा वाटा धाकट्याला द्या. आणि वर उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव. सगळे ‘बेल्जियम’ वाचत होते. मला ते बेल्जियम दिसेना. बेल्गॉम. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तेच स्पेलिंग आहे.

रात्रीचे साडेअकरा होते, भारतात पहाट झाली होती. बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, व्हय की, गोऱ्या पलटणी कॅम्पातच असायच्या, तू कॅम्पातनंच शाळेला जात होतीस की. मी तिथेच किचनमध्ये बसून रडले. तेरा वर्षं मी या घरात आहे, दर ख्रिसमसला कुणीतरी विचारतं की तू नक्की कुठची, आणि या घरातला एक मुलगा माझ्या गावच्या कॅम्पात राहून गेलेला.

मग त्याचा माग काढला. नॉरफक रेजिमेंटची दुसरी बटालियन ऑगस्ट १९१४ मध्ये बेळगावात होती आणि नोव्हेंबरमध्ये सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. पहिली बटालियन खरंच बेल्जियममध्ये लढली, त्यामुळे घरच्यांचा गैरसमज होणं साहजिक. सैनिकांच्या सर्व्हिस फाइली सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात बहुतेक जळाल्या, त्याची पण नाही सापडली, पण पदकाचं कार्ड मिळालं, आणि युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाइटवर नाव टाकलं (फुकट आहे, कुणालाही शोधता येतं) तर बगदादचं नॉर्थ गेट कब्रस्तान, १९१६. म्हणजे तो बहुतेक कूतच्या वेढ्यात होता, तिथे तुर्कांनी इंग्रज-हिंदी फौजेला कोंडलं होतं. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तुर्कांनी किल्ल्यावर मोठा हल्ला केला, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैदेत फार माणसं मेली. त्याच वेढ्यात मराठा पलटणी पण होत्या, १०३, ११० आणि ११७. आमच्या गल्लीत निम्मी माणसं मराठा सेंटरमधून रिटायर झालेली आहेत, मला हे नंबर लहानपणापासून ऐकून माहीत.

जूनमध्ये पुन्हा केअर होमला जाऊन मी त्या आजींना सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, बोटाने ते नाव चाचपलं आणि मला परत परत म्हणायला लावलं, बेळगाव, बेळगाव. त्यांना ळ जमेना पण त्यांनी सोडलं नाही.

८ जूनला शनिवारी लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जला गेले. १९२१ ची जनगणना तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट बघता येते. रविवार-सोमवार बंद असतं, हे बघूनच तिकीट काढा. नॉरिचहून लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत दोन तास, आधी काढलं म्हणून येऊन-जाऊन साधारण ३० पौंडांत झालं. मला एकाच मुलाचा माग काढायचा होता. १८९१ च्या जनगणनेत सासरच्या घरात दोन वर्षांचा एक नातू लिहिलाय, पण त्याचे आईबाप घरात नाहीत. जन्माची इमेज काढली तेव्हा आईचं नाव पणजोबांच्या बहिणीचं, काम घरगुती नोकर, आणि बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. आत्यांच्या वहीत या शाखेचं एकही नाव नव्हतं. १९२१ मध्ये नोकरी देणाऱ्याचं नाव पण विचारलं होतं, त्यावरून तो सापडला, उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कोळशाच्या खाणीत, बायको आणि चार मुलं.

हे कुणाला कसं सांगायचं यावर मी बरेच दिवस विचार केला. इंटरनेटवरच्या वंशवृक्षात टाकून मोकळं व्हायचं आणि सगळ्यांना लिंक पाठवायची हे बरोबर नाही, कुणाच्या तरी आजीची गोष्ट असते ती. मी आधी फक्त सासूबाईंना सांगितलं, त्यांच्या घरी, चहाच्या वेळेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं त्यांना बोलावणंच गेलं नाही. बस, एवढंच. मग वही माझ्याकडे सरकवली की लिही.

हयात माणसं शोधायला सगळ्यात जास्त मदत झाली ती १९३९ च्या रजिस्टरची. युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ ला ओळखपत्रांसाठी सैन्यातले सोडून सगळ्यांची नावं लिहून घेतली, आणि पुढे हेच रजिस्टर आरोग्य सेवेने वापरलं, म्हणून नंतर लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावं वेगळ्या शाईत वर लिहिलीत. मुली शोधताना हात टेकायची वेळ येते कारण आडनाव बदलतं आणि धागा तुटतो, मला या एका रजिस्टरात पाच जणी सापडल्या. काही ओळी झाकलेल्या असतात, ज्यांचा जन्म शंभर वर्षांच्या आतला आहे त्यांच्या, ते योग्यच आहे.

सप्टेंबरमध्ये ४१ पत्रं लिहिली. हाताने. सेकंड क्लासचा स्टँप तेव्हा ८५ पेन्स, ३४.८५ पौंड झाले. ईमेल आणि फेसबुकवरचा मेसेज लोकांना फसवणूक वाटतो, पत्राला मान असतो असा माझा अनुभव. पत्रात पहिल्या ओळीत मी कोण, कुणाची सून, दुसऱ्या ओळीत तुमचे कोणते आजी-आजोबा आमच्याशी जुळतात, आणि शेवटी असं की उत्तर नाही दिलंत तर मी परत लिहिणार नाही. ही शेवटची ओळ नक्की घाला. डरहॅमच्या शाखेला मी बापाच्या रकान्याबद्दल काही लिहिलं नाही, फक्त आजोबा या घरात वाढले एवढंच. तीन आठवडे एकही उत्तर नाही. रोज दार उघडून पायपुसणं बघायचे. मग एकाच दिवशी चार आली. एकूण २६ आली. एकाने रागाने लिहिलं की आमचा पत्ता तुम्हाला कुणी दिला, त्यांची माफी मागितली आणि त्यांचं नाव काढलं. डरहॅमहून एका बाईंनी तीन पानं लिहिली, त्यांना सगळं माहीत होतं, आजोबांनीच सांगितलेलं, आणि त्यांनी विचारलं होतं की नॉरफकच्या घराला आम्ही आठवतो का.

एकूण खर्च हॉल सोडून १७० पौंडांच्या आसपास. लागेल तेवढंच मागवलं तर एवढ्यात होतं.

२४ नोव्हेंबरला स्टर-अप संडे होता, अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसच्या तयारीच्या चार आठवड्यांच्या, आधीचा रविवार, या दिवशी ख्रिसमस पुडिंगचं मिश्रण घोटतात. सासूबाईंनी आत्यांचं मोठं मातीचं भांडं आणलं. बेदाणे, मनुका, चरबी, ब्रेडचा चुरा, काळी साखर, स्टाउट म्हणजे काळी बिअर, आणि प्रत्येकाने लाकडी चमच्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा फिरवायचं आणि मनात काहीतरी मागायचं. मिश्रण इतकं घट्ट की चमचा उभा राहतो. माझ्या मुलीने दोन्ही हातांनी फिरवलं. मग आठ तास वाफेवर, सगळ्या घराला जायफळाचा आणि ओल्या कापडाचा वास, मला आईच्या उकडीच्या मोदकांच्या पातेल्याची आठवण झाली.

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार. हॉलच्या एका भिंतीवर आम्ही भिंतीला लावायचा पांढरा लायनिंग पेपर आडवा चिकटवला होता, दुकानात तेव्हा ६ पौंडांना पूर्ण रोल मिळाला, आणि त्यावर १८६६ ची तीन लग्नं वर आणि खाली सगळ्या शाखा पेन्सिलने. हयात असलेल्यांची जागा मोकळी ठेवली होती, ज्याला लिहायचंय त्याने स्वतःचं नाव स्वतः लिहायचं, नको असेल तर नाही. माणसं ६३ आली. थंड टर्की, हॅम, लोणच्याचे कांदे, मिन्स पाय, आणि मी दोन डबे करंज्या, त्या चहाच्या आधीच संपल्या. डरहॅमहून पाच जण आले, भाषा इतकी वेगळी की सासूबाई मला विचारत होत्या काय म्हणाले, आणि मी सांगत होते.

केअर होममधल्या आजींना व्हीलचेअरवरून आणलं होतं. त्यांनी भिंतीजवळ न्यायला सांगितलं. काकाचं नाव शोधलं, त्याच्यापुढे मी बगदाद लिहिलं होतं, त्यांनी पेन्सिल मागितली आणि त्याच्या आधी लिहिलं, बेल्गॉम. अक्षर थरथरत होतं, शेवटचा भाग रेघेच्या बाहेर गेला. मग डरहॅमच्या बाईंना हाक मारली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.